दोन पानांचा युरोपियन

पात्रांवांचं आणि माझं पहिलं भांडण आंब्यावरून झालं, आणि तेव्हा घरात एकही आंबा नव्हता.

२०१४ चा मे महिना होता. कंपनीनं मला दोन वर्षांसाठी म्हणून स्विंडनला धाडलं होतं. लंडनहून पश्चिमेला रेल्वेनं तासाभरावरचं हे गाव. एकेकाळी तिथं रेल्वेची इंजिनं बनायची, आणि आता गोंयकारांची तिथं मोठी वस्ती आहे. अशाच एका गोंयकार कुटुंबाच्या घरात मला वरच्या मजल्यावरची, पलंग टाकला की दार अर्धंच उघडेल अशी खोली मिळाली. सामान टाकून खाली आलो तर स्वयंपाकघरात सत्तरीचे एक गृहस्थ बांगडे साफ करत उभे होते. अंगात गंजी, गळ्यात लाल-हिरवा मफलर. मी कुठला, असं त्यांनी विचारलं. बांद्याचा, म्हटलं.

"बांदो? पत्रादेवीचे पलतडी? तर तूं आमचो शेजारी!" त्यांचा चेहरा उजळला. "आंबे हाडल्यात?"

मी म्हटलं, आणणार कसे? युरोपियन युनियननं १ मेपासून भारताच्या आंब्यावर बंदी घातली आहे. सोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळ. म्हणे फळमाशी सापडली. आणि मग, घरापासून लांब आलेला कोकणी माणूस आंब्यावरून जे बोलेल ते सगळं मी युरोपाबद्दल बोललो.

त्यांनी सुरी खाली ठेवली. हात धुतले, पुसले. "गाळी दिवूं नाका. युरोप म्हळ्यार आमी. आनी किडो तुमच्या हापुसांत आशिल्लो. आमच्या गोंयच्या मानकुराद आंब्याक कोणें विचारूंकच ना, तो बिचारो फुकट मेलो."

त्यांचं मूळ नाव लांबलचक आहे आणि त्यात तीन संत आहेत. पण सगळं स्विंडन त्यांना पात्रांवच म्हणतं. पात्रांव म्हणजे पोर्तुगीजांकडून आलेला 'मालक'. गोव्यात बस कंडक्टरपासून बँक मॅनेजरपर्यंत कुणालाही म्हणता येतो. ते बोलायचे साश्टीची कोकणी, मी मालवणी. कुणाचं काही अडलं नाही. इथं छापताना त्यांची कोकणी मी थोडी मऊ केली आहे. ती त्यांना वाचून दाखवली तर आणखी एक भांडण होईल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डबा दाखवला. डॅनिश बिस्किटांचा गोल, निळा, पत्र्याचा डबा. लोक त्यात सुई-दोरा ठेवतात, पात्रांवांनी त्यात स्वतःला ठेवलं होतं. सर्वात खाली गोव्यातल्या चिंचिणीच्या इगर्जीतला १९४४ चा बाप्तिस्म्याचा दाखला, पोर्तुगीजमध्ये. त्यावर प्राथमिक शाळेचं 'सेगुंद ग्राव' पास झाल्याचं प्रमाणपत्र. त्यावर भारतीय खलाशाचं पुस्तक, कारण पात्रांव जन्मभर तारवटी, म्हणजे बोटीवर स्टुअर्ड. त्यावर कोपरे कापून रद्द केलेला भारतीय पासपोर्ट. त्यावर पोर्तुगालचं नागरिक-कार्ड. आणि सगळ्यात वर, स्वतःच्याच घरी जायला लागणारं ओसीआय कार्ड.

"पळय," ते म्हणाले, "हांव खंयच गेलों ना. देशच येत गेले."

त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. जन्मले तेव्हा गोवा पोर्तुगालची वसाहत होता. सात वर्षांचे असताना, १९५१ साली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं कायद्यात शब्द बदलला आणि वसाहतीचा 'सागरापलीकडचा प्रांत' झाला. एका कागदानं लिस्बन आणि चिंचिणी एकाच देशातली दोन गावं झाली. तुरुंग मात्र होते तिथंच राहिले. (सालाझारचं नाव निघालं की पात्रांव थुंकायचे. पण त्यासाठी उठून मागच्या अंगणात जायचे.) सतराव्या वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, ते भारतीय झाले. त्यात त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, विचारलं असतं तर त्यांनी होच म्हटलं असतं. पण न विचारल्याची नोंद त्यांनी ठेवली. १९८६ साली पोर्तुगाल युरोपियन समुदायात शिरला, तेव्हा पात्रांव कुठल्यातरी बोटीवर ताटं लावत होते. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो. हे कळून मुलानं लिस्बनला कागद धाडायला सुरुवात केली ते पुढच्या शतकात. कागद परत आले तेव्हा बापलेक दोघंही युरोपियन झालेले होते. पोर्तुगालचा पासपोर्ट हातात पडताच सगळं कुटुंब तडक इंग्लंडला आलं, कारण पोर्तुगालात नोकऱ्या नव्हत्या आणि पोर्तुगीज कुणाला धड येत नव्हती.

पोर्तुगालात पात्रांव आयुष्यात तीन दिवस राहिले होते, तेही कागदांसाठी. त्या देशाबद्दल त्यांचं मत एवढंच: "बरो देश. पूण नाल्ल ना." म्हणजे नारळ नाही.

आपल्याकडं शेजारच्या भाऊबंदांशी हयातभर बोलायचं नाही आणि कॅनडातल्या चुलत मेहुण्याच्या सासऱ्याला दर नाताळला कार्ड पाठवायचं, असा एक माणूस प्रत्येक वाड्यात असतो. पात्रांव त्या जातीचे राष्ट्रीय पातळीवरचे प्रतिनिधी. त्यांचा सिद्धान्त त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला: "सोयरो पैस बरो, शेजारी वंयभायर बरो." वंय म्हणजे कुंपण. लांबच्याशी सोयरीक करावी, शेजाऱ्याला कुंपणाबाहेर ठेवावं. युरोपातल्या अठ्ठावीस देशांशी एक व्हायला ते तयार होते. महाराष्ट्राशी एक व्हायचा विषय निघाला की मात्र त्यांना १६ जानेवारी १९६७ आठवायचा.

तो दिवस मी त्यांच्या तोंडून किमान चाळीस वेळा ऐकला आहे. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर जनमत कौल. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहणाऱ्यांची दोन पानं. पात्रांव तेव्हा मुंबईत धोबीतलावच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी खलाशांसाठी चालवलेल्या खोलीत, बोटीची वाट पाहत पडलेले. वय बावीस. मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळायचा, म्हणजे आयुष्यातलं पहिलंच मत. नोकरीची बोट सोडून ते गोव्याची बोट पकडून आले आणि पानांवर शिक्का मारून परत गेले. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. हे आकडे ते फोन नंबरासारखे म्हणायचे. "चवतीस हजार एकवीस. त्या एकवीसांतलो एक हांव."

मीही गप्प बसणारा नव्हतो. पेडणं १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचंच होतं. माझ्या आजीचं माहेर तिथं, सासर बांद्याला. मधे चालत जाण्याइतकं अंतर. १९५५ साली पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, सरहद्द बंद झाली, आणि सख्ख्या भावाच्या लग्नाची वाजंत्री आजीनं ऐकली असेल तर वाऱ्यावर. भाऊबंदांमधे परदेश उभा करणं ही काय शहाणपणाची गोष्ट आहे, असं मी विचारायचो. पात्रांव क्षणभर गप्प व्हायचे. मग म्हणायचे, "तुजी आजी बरी. पूण तिच्या फाटोफाट सगळी मुंबय आयल्ली."

आणि ते खोटं नव्हतं. लहान शेजाऱ्याला मोठ्या शेजाऱ्याशी एक व्हायची भीती वाटते ती प्रेम कमी म्हणून नव्हे. एका ताटात जेवायला बसलं की हात मोठ्याचाच आधी पोचतो, म्हणून.

मग युरोपात जर्मनी नाही का? हा माझा प्रश्न. त्यावर पात्रांवांनी मला खाजन शेतीचं अख्खं शास्त्र शिकवलं. साळ नदीच्या काठची शेतं समुद्राच्या पातळीखाली. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचा लाकडी दरवाजा. बांध कुणा एकाचा नाही, गांवकारीचा, म्हणजे साऱ्या गावाचा. एकानं आपल्या वाट्याचा बांध दुरुस्त केला नाही तर मीठ त्याच्या एकट्याच्या शेतात शिरत नाही, साऱ्या गावाच्या शेतात शिरतं. "युरोप म्हळ्यार बांद," ते म्हणायचे. पहिल्या सहा देशांनी १९५१ साली कोळसा आणि पोलाद एकत्र केलं, कारण त्याच कोळशा-पोलादावर फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांच्या शेतात मीठ सोडत आले होते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बोटीवर अनेक देशांच्या ऑफिसरांना सूप वाढताना कानावर पडलेलं. शाळेतल्या मास्तरांनी युरोपचा इतिहास मला याहून वाईट शिकवला होता.

२०१५ च्या उन्हाळ्यात ग्रीस बुडू लागला तेव्हा पात्रांव रोज बातम्या बघून उसासे टाकत. चूक कुठं झाली? "बांद एक, पूण हिशेबाच्यो वह्यो वेगळ्यो!" चलन सामायिक आणि तिजोऱ्या ज्याच्या त्याच्या. गांवकारीत असं नसतं. तिथं बांधाचा खर्च आधी वजा होतो, उरलेल्यातून प्रत्येक गांवकाराला जोण, म्हणजे त्याचा वाटा. युरोपानं जोण वाटली आधी आणि बांधाचा खर्च ठेवला मागून. याहून सोप्या शब्दांत युरोची गोची मला कुणी सांगितलेली नाही. मी हळूच म्हटलं, २०११ साली पोर्तुगालनंही ७८ अब्ज युरोंची मदत घेतली होती ना? ते टीव्ही बंद करून झोपायला गेले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

युरोपचा फायदा काय, असं विचारलं तर ते तत्त्वज्ञान सांगत नसत, बसची गोष्ट सांगत. चर्चतर्फे ते बसनं फ्रान्समधल्या लुर्दच्या यात्रेला गेले होते. तिथून बस एका देवळासाठी स्पेनमध्ये शिरली. पात्रांव पासपोर्ट हातात धरून खिडकीशी ताठ बसलेले. नाका येईना. अर्ध्या तासानं त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, स्पेन कधी येणार? तो म्हणाला, मघाशीच आला. "हांव रडलों," ते सांगायचे. "आमी तुमच्या बांद्याक आयल्यार पिशवी उगडून बाटली सोदतात. एका देशांत! आनी हांगा दोन देश, आनी एक पोलीस ना." शिवाय त्याच यात्रेत त्यांचा गुडघा मुरगळला, आणि निळं युरोपियन आरोग्य-कार्ड दाखवल्यावर फ्रेंच डॉक्टरनं तो बांधून दिला. ते बँडेज डब्यात नव्हतं, पण मला खात्री आहे की ठेवायचा विचार त्यांनी केला असणार.

गाऱ्हाणं एकच होतं आणि ते चोरीसचं होतं. गोव्याहून येताना सुनेनं आणलेली घरच्या चोरीसांची, म्हणजे सॉसेजांची, माळ विमानतळावर काढून घेतली गेली. युरोपबाहेरचं मांस आत आणायला मनाई. दुकानात मात्र पोर्तुगालचे चोरीस राजरोस टांगलेले. "हांव युरोपियन. म्हजो चोरीस कसो भायलो?" ब्रुसेल्सच्या कायद्यात याचं उत्तर असेल, मला सापडलं नाही. त्या माळेचा विषय निघाला की पात्रांव पाच मिनिटांपुरते युरोपविरोधी होत. जगातल्या बऱ्याच मोठ्या चळवळी जप्त झालेल्या अशा एखाद्या माळेपासूनच सुरू झाल्या असाव्यात.

आणि भायले, म्हणजे बाहेरचे! गोव्यात असताना ते घाटावरून आलेल्यांना भायले म्हणत. स्विंडनमध्ये पोलंड आणि रोमानियाच्या लोकांना म्हणू लागले. "हे आतां आतां आयले, कोण २००४त, कोण २००७त. आमी १५१० सावन युरोपांत. इंग्लंड सुद्दां आयलें १९७३त. सिनियर कोण?" १५१० म्हणजे आल्बुकेर्कनं गोवा घेतला ते साल. लुटायला आलेल्याच्या घरात आपण त्याच दिवसापासून राहायला गेलो, असा हा हिशेब. पण तो इतक्या आत्मविश्वासानं मांडला जायचा की खोडायला जीभ उचलत नसे.

मग आलं २०१६. युरोपियन युनियनमधे राहायचं की बाहेर पडायचं यावर ब्रिटनमधे सार्वमत ठरलं. लाल बस गावोगाव फिरू लागली, तिच्यावर लिहिलेलं की आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आरोग्यसेवेला देऊ या. (परत येतात ते पौंड त्यात वजा केलेले नव्हते. सरकारी आकडेशास्त्रज्ञांनी तसं सांगितलंही, पण आकडेशास्त्रज्ञांना बस नव्हती.) पात्रांव तयारीला लागले. कोट इस्त्रीला गेला. १९६७ नंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना एकत्र-की-वेगळे असं विचारणार होतं.

आणि एके संध्याकाळी सुनेनं बातमी आणली. या सार्वमतात युरोपियन नागरिकांना मत नाही. आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून बाकी सगळे बाद. पोर्तुगीज बाद. मत कुणाला? ब्रिटिशांना, आणि ब्रिटनमधे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना.

"म्हणजे कोणाक?" पात्रांवांनी विचारलं.

सुनेनं काही न बोलता माझ्याकडं पाहिलं.

मी भारतीय पासपोर्टचा, कामाच्या व्हिसावर आलेला, दोन वर्षं झालेली, मुदत संपल्यावर परत जाणारा (असं तेव्हा वाटत होतं). ब्रिटननं युरोपात राहावं की नाही हे मी ठरवणार. आणि १५१० पासूनचे सिनियर युरोपियन घरी बसणार. पात्रांवांनी भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर त्यांनाही मत असतं. त्यांनी डबा आणला. कोपरे कापलेला जुना पासपोर्ट काढून बराच वेळ हातात धरला.

"घाट्याक मत," ते शेवटी म्हणाले, "आनी म्हाका ना."

"पात्रांव, बांदा घाटाखाली हा," मी म्हटलं. पण ती वेळ भूगोलाची नव्हती.

पुढचा महिनाभर माझी घरात जी बडदास्त राहिली ती मी विसरणार नाही. आंबोटतीक, सुंगटांची कडी, रविवारी सोर्पोतेल. फ्रीजमधल्या माझ्या अर्ध्या फळीची पूर्ण फळी झाली. मतदारानं पोटभर जेवावं, ही लोकशाहीची आमच्याकडची जुनी रीत स्विंडनमधे मी उपभोगली. रोज रात्री जेवणानंतर परीक्षा: "कोणाक दितलो?" मी म्हणायचो, 'रिमेन'ला. "बरें. आनी पानांक ना न्हय?"

हे पानांचं प्रकरण मला कळायला आठवडा लागला. पात्रांवांच्या कानाला 'लीव्ह' म्हणजे पान. बाहेर पडा म्हणणारे ते सगळे 'पानांवाले'. ज्या निशाणीसाठी त्यांनी बोट सोडली होती तीच निशाणी इंग्रजांनी पळवून उलटी वापरली, असा त्यांचा ठाम समज होता. "पानां आमचीं आशिल्लीं! चोरलीं!" मी स्पेलिंग समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, जसं आपण लहान मुलांचं ऐकून घेतो.

एकदा मात्र मी त्यांना कोंडीत पकडलं. म्हटलं, पात्रांव, ६७ साली तुम्ही पानांना मत दिलं ते मोठ्या शेजाऱ्यात विरघळून जाऊ नये, आपले निर्णय आपण घ्यावेत, भाषा टिकावी, भायले येऊ नयेत म्हणून. हे पानांवाले दुसरं काय म्हणतात? ते माशाचा काटा दातातून काढत होते. काढला, ताटाच्या कडेला ठेवला. "फरक आसा. आमी ल्हान आशिल्ले. हे व्हड."

मला वाटतं, युरोपवर लिहिल्या गेलेल्या जाड पुस्तकांनी यापुढं फारशी मजल मारलेली नसावी.

२३ जून, गुरुवार. पात्रांव कोट घालून माझ्याबरोबर निघाले. मतदान एका सभागृहात होतं, दारावर कागदी पाटी. पोलीस नाही, रांग नाही, बोटाला शाई नाही. त्यांना दारातच थांबावं लागलं. मी आत गेलो. लाकडी खोप्यात दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. मतपत्रिकेवर एक लांब प्रश्न आणि दोन चौकोन. पेन्सिल हातात घेतली आणि खरं सांगतो, दोनेक मिनिटं मी तसाच उभा राहिलो. आमचे आजोबा फुलवाले. १९६७ साली गोव्यात त्यांना मत नव्हतं, म्हणून बांद्यातून रोज सायकलनं सरहद्दीपर्यंत जाऊन भेटेल त्याला फुलाचं महत्त्व पटवायचे. पन्नास वर्षांनी त्यांचा नातू एका पानवाल्याच्या वतीनं एकत्र राहण्याच्या चौकोनात फुली मारत होता. फुलीच मारायची असते तिथं, शिक्का नसतो.

बाहेर आल्यावर पात्रांवांनी पहिला प्रश्न विचारला, "निशाणी कसली आशिल्ली?"

"निशाणी नाही. नुसती अक्षरं."

"फूल ना, पान ना? मागीर मनशान मत कशें दिवप!" निकालाचं भाकीत त्यांनी तिथंच केलं.

५१.९ टक्के बाहेर पडा, ४८.१ टक्के राहा. स्विंडनमधे बाहेर पडा म्हणणारे जवळजवळ ५५ टक्के. सकाळी सहा वाजता मी खाली आलो तेव्हा पात्रांव गंजीतच खुर्चीवर बसलेले. माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाले, "तुवें खरेंच दिल्लें मूं?" तो संशय त्यांच्या मनातून आजतागायत गेलेला नाही. शेवटी मी बांद्याचा.

दुपारी शेजारचा इंग्रज म्हातारा कुंपणाशी आला. रेल्वेतून निवृत्त झालेला, भला माणूस, पात्रांवांना बागेतल्या भाज्या द्यायचा. खाली मान घालून म्हणाला, मी बाहेर पडा म्हणून मत दिलं, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका, माझा राग तुमच्यावर नव्हता, त्या बाकीच्यांवर होता. पात्रांवांनी कुंपणावरून त्याचा हात हातात घेतला.

"बाकीच्यांचेर म्हाकाय राग आसा," ते म्हणाले. मी भाषांतर केलं. दोघांचे डोळे पाणावले.

पंधरा दिवस घरात सुतक होतं. ते उठलं १० जुलैला. युरो फुटबॉलची अंतिम लढत, पॅरिसजवळ, पोर्तुगाल विरुद्ध फ्रान्स. अर्धं गोंयकार स्विंडन आमच्या दिवाणखान्यात. रोनाल्डो जखमी होऊन स्ट्रेचरवरून गेला तेव्हा बायकांनी रोझरी सुरू केली. १०९ व्या मिनिटाला एदेरनं गोल मारला आणि पात्रांव, वय बहात्तर, सोफ्यावर चढले. एदेरचा जन्म गिनी-बिसाऊचा, तीही पोर्तुगालची जुनी वसाहत. "पळय, आमचेसारकोच! भायल्यान जिखयलें!" भायला हा शब्द चांगल्या अर्थानं वापरलेला मी त्यांच्या तोंडून तेवढा एकदाच ऐकला. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कॉस्ता यांचं वडिलांकडचं घराणं मडगावचं. त्यामुळं देश आमचा, पंतप्रधान आमचा, कप आमचा, असा तो सगळा जल्लोष मध्यरात्रीपर्यंत चालला. पोर्तुगीज एकालाही धड येत नव्हती.

पुढची साडेतीन वर्षं ब्रिटन दारात उभं राहून चप्पल शोधत होतं. मधे २०१८ साली मी गावाकडची एक बातमी पात्रांवांपासून लपवायचा प्रयत्न केला. दोडामार्गातली काही मंडळी म्हणू लागली होती की आम्हाला महाराष्ट्रातून काढून गोव्यात घाला. नोकऱ्या तिकडं, इस्पितळ तिकडं. पण असल्या बातम्या व्हॉट्सॲपवर माझ्याआधी त्यांना पोचतात. ते जिना चढून, गुडघा दुखत असताना, माझ्या खोलीपर्यंत आले. अर्धं उघडणाऱ्या दारातून अर्धं तोंड आत घातलं.

"फूल बावलें? आतां पानां जाय?"

३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडलं. बारा वाजता का नाही? कारण तेव्हा ब्रुसेल्समधे बारा वाजतात. "वतनाय ब्रुसेल्साचें घड्याळ!" पात्रांव इतके हसले की सुनेनं पाणी आणलं.

आधीपासून राहणाऱ्या युरोपियनांनी राहण्याच्या हक्कासाठी अर्ज करायचा होता, शेवटची तारीख ३० जून २०२१. पात्रांव मेपर्यंत हटून बसले. आपण अर्ज कशाला करायचा? देशांनी आपल्याकडं यायचं, ही आजवरची रीत. शेवटी सुनेनं जेवणात खोबरं बंद केलं तेव्हा तयार झाले.

अर्ज मोबाइलवर. मी फोन धरला. आधी पासपोर्टचा फोटो. मग फोन पासपोर्टवर टेकवून आतली चिप वाचायची. पात्रांव श्वास रोखून. मग चेहरा: फोन तोंडासमोर धरला की पडदा लाल, निळा, हिरवा उजेड चेहऱ्यावर फेकतो आणि माणूस जिवंत आहे का ते बघतो. हलायचं नाही. पात्रांवांना न बोलता चार सेकंद राहणं जमेना. "नाताळाचो तारो कसो!" परत. "हें पळोवपाक कोण बसला थंय?" परत. सहाव्यांदा मशीनला ते जिवंत आहेत हे पटलं.

काही आठवड्यांनी ईमेल आली. कायमचा हक्क मिळाला. मी वाचून दाखवलं, सुनेनं क्रूस केला. पात्रांवांनी हात पुढं केला.

"कागद?"

मी सांगितलं, कागद नाही. हक्क सगळा संगणकात. कुणाला दाखवायचा झाला तर फोनवरून कोड काढायचा आणि द्यायचा.

"कागद खंय?" त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, जसं मलाच ऐकू आलं नसेल. साम्राज्य गेलं, राज्य आलं, संघ आला, संघ गेला. प्रत्येकानं जाता-येता कागद दिला होता.

मी वर जाऊन ईमेलसोबतचं पत्र छापून आणलं. पात्रांवांनी चश्मा लावला. बोटीवरची त्यांची एक सवय: करार हातात आला की शेवटचा मजकूर आधी वाचायचा. बोट खालून वर सरकू लागलं आणि एका ओळीवर थांबलं. मला ती ओळ माहीत होती, म्हणूनच मी ती मघाशी वाचली नव्हती. हे पत्र हक्काचा पुरावा म्हणून चालणार नाही, असं त्यात लिहिलेलं.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग डबा उघडला, पत्राची चौपदरी घडी घातली आणि ओसीआय कार्डाच्या वर ठेवली. झाकण बसेना, दाबून बसवलं.

"आनीक एक काड," ते म्हणाले.

"आणि एक कशाला?"

"तुका. मत तुवें दिल्लें न्हय? तूंय सांबाळ."